नौकेवरची वीज आणि खलाशाचा जीव



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला. पुढे गावोगाव अशी व्यासपीठे उभी राहिली. विद्वानांनी वर बसून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे, अशी तेथली साधारण रीत. ती मोडून चालकांनी आज आम्हांला वर बसविले आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते रत्नागिरीतील एका बॅटरी भरून देणाऱ्या दुकानात आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात. दुकानात हात भाजले, वाचनालयात डोळे उघडले. त्यानंतरची तीस वर्षे हमाल, ट्रकचालक आणि मच्छीमार नौकांवरचे खलाशी यांच्या संघटनेत गेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे हाताखालून गेले तेवढेच आम्ही सांगू.

विषय ऐकून एका मित्राने विचारले, 'कामगार पुढाऱ्याने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. नौकेवरच्या बॅटरीशी त्याचा काय संबंध?' संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. गिरणीत यंत्र बंद पडले तर कामगार घरी चालत जाऊ शकतो. किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर नौकेची वीज गेली तर खलाशी चालत कोठे जाणार? तेथे त्याचा जीव एका रेडिओवर असतो आणि तो रेडिओ एका तारेवर. ती तार कोठून कोठे जोडावी, एवढाच आजचा विषय आहे.

आपले गाव घाटावरचे. येथे मासळी येते ती बर्फात घातलेली, टेंपोतून. म्हणून ती पकडणारी नौका कशी असते ते आधी सांगितले पाहिजे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आपण गेलात तर लाकडी आणि फायबरच्या नौका एकीला एक खेटून उभ्या दिसतील. प्रत्येकीवर एक तांडेल आणि सातआठ खलाशी. त्यांत कोकणातली माणसे असतात, तशीच नेपाळच्या डोंगरातून आलेली, पूर्वी कधी समुद्र न पाहिलेली मुलेही असतात. खाली इंजिनघर. त्यात ट्रकच्या जातीचे डिझेल इंजिन, आणि त्याच्या शेजारी लाकडी खोक्यात दोन बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरी बारा व्होल्टची. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडलेले, म्हणजे दोहोंचा दाब मिळून चोवीस व्होल्ट. आपल्या गावातल्या मोठ्या ट्रकमध्येही पुष्कळदा हीच मांडणी असते.

चोवीसच का? विजेचा दाब म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची, आणि प्रवाह म्हणजे नळातून वाहणारे पाणी, असे तात्पुरते समजा. जड इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला समजा तीन हजार वॅट शक्ती लागते. बारा व्होल्टवर त्यासाठी अडीचशे अँपिअर प्रवाह लागेल, चोवीस व्होल्टवर सव्वाशे. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता निम्मी होत नाही, ती एक चतुर्थांश होते. कारण ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून जेथे इंजिन मोठे आणि तारा लांब, तेथे चोवीस व्होल्ट शहाणपणाचे. यात कोणाची चूक नाही.

अडचण येते ती केबिनमध्ये. तेथे बसविलेला सागरी रेडिओ मोटारीच्या दाबावर, म्हणजे तेरा-साडेतेरा व्होल्टच्या आसपास चालणारा असतो. मासळीचा थवा दाखविणारे यंत्र, उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र, यांतली काही बारा व्होल्टचीच असतात. खलाशाच्या खिशातल्या मोबाईलला तर पाचच व्होल्ट हवे असतात. घरात दोन माणसे भाकरी खाणारी आणि एक तान्हे मूल दूध पिणारे असावे, तसा हा संसार. चोवीस व्होल्टची भाकरी मुलाच्या तोंडात कोंबली तर काय होईल? यंत्रातून धूर निघेल. तेव्हा दाब कमी करून देणे आले, आणि सारा घोटाळा या कमी करण्यातच आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मान खाली जाते.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान नावाचे वादळ कोकण किनाऱ्यावर आले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडची किती तरी माणसे त्या दिवशी समुद्रात होती, आणि त्यांतली सारी परत आली नाहीत. बंदरावर बायका रात्रभर उभ्या होत्या. त्या उभ्या राहण्यातून आमच्या संघटनेची एक मागणी निघाली, की प्रत्येक नौकेवर चालू स्थितीतला रेडिओ असल्याखेरीज खलाशी पाय ठेवणार नाही. मालकांच्या मागे लागून, प्रसंगी भांडून, एकेका नौकेवर रेडिओ बसविला. पण मालक म्हणू लागले, 'रेडिओ आणला. आता चोवीसचे बारा करणारे यंत्र आणखी कोठून आणू?' तेव्हा आम्हीच मोठ्या ऐटीने म्हणालो, 'यंत्र कशाला? दोन बॅटऱ्या आहेत ना? त्यांतल्या खालच्या एकीवरूनच दोन तारा घ्या. बारा व्होल्ट फुकट मिळाले!' ट्रकमध्ये गाण्याचा संच लावताना आम्ही दुकानात असेच करीत आलो होतो. सगळ्यांना युक्ती आवडली. रेडिओ बोलू लागला. मग त्याच दोन तारांवर मासळी दाखविणारे यंत्र आले, मोबाईल भरण्याची सोय आली, गाण्याचा संच आला.

त्याच हंगामात, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, आमच्याच सभासदांची एक नौका बाहेर होती. जाळ्याचा दोर पंख्यात अडकला. इंजिन बंद करावे लागले. एका खलाशाने पाण्यात उतरून सुरीने दोर कापला, त्यात दोन तास गेले. केबिनमधली यंत्रे तेवढा वेळ चालूच होती. मग तांडेलाने कळ फिरविली. आतून 'कट्' असा एक आवाज आला आणि इंजिन हलले नाही. पुन्हा फिरविली, पुन्हा 'कट्'. त्याने रेडिओ हातात घेतला. रेडिओचा दिवा लागलेला होता, खरखर ऐकू येत होती. मदत मागण्यासाठी त्याने बोलण्याची कळ दाबली, आणि त्याच क्षणी दिवा विझला. कळ सोडली की दिवा परत येई. दाबली की विझे. जग त्यांना ऐकू येत होते, त्यांचे जगाला ऐकू जात नव्हते.

रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला आणि नौका बाहेर बाहेर जाऊ लागली. मोबाईलला तेथे संदेश मिळत नव्हता. आठ माणसे कंदील टांगून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका परक्या नौकेच्या तांडेलाला त्यांनी काठीला बांधून हलविलेली चादर दिसली, म्हणून ती बांधून किनाऱ्याला आणली गेली. जीव कोणाचा गेला नाही. गेला असता, तर आज आम्ही या व्यासपीठावर उभे राहण्याचे धाडस केले नसते.

मालकाने दोन्ही बॅटऱ्यांची किंमत तांडेलाच्या हिश्श्यातून कापण्याचे ठरविले. निष्काळजीपणा, दुसरे काय! आम्ही घोषणा देत जेट्टीवर पोचलो. पण बॅटरीच्या दुकानातली सवय जाईना. खिशातला मीटर काढून आम्ही इंजिनघरात उतरलो. वरची बॅटरी १२.८ व्होल्ट. खालची, जिच्यावरून फुकटचे बारा व्होल्ट घेतले होते ती, १०.६. वर येऊन पाहतो तो तांडेल समोर उभा. साठीच्या घरातला माणूस, कधी मोठ्याने न बोलणारा. तो म्हणाला, 'भाऊ, ही तार तुम्ही सांगितलीत तिथंच जोडली हो आम्ही.'

घोषणा तेथेच थांबल्या. त्याच सभेत आम्ही उभे राहून सांगितले, की चूक तांडेलाची नाही, मालकाचीही नाही. ती आमची आहे. निम्मी किंमत संघटनेच्या पेटीतून दिली. मालकाने कपात मागे घेतली. पण आमच्या युक्तीने आणखी किती नौका अशा जोडल्या गेल्या होत्या, या विचाराने आम्हांला पुढे कित्येक रात्री झोप आली नाही.

हे असे का होते? नौदलातून निवृत्त झालेल्या एका वीजतंत्र्याकडे आम्ही गेलो. त्याने आकृती काढली नाही की गणित मांडले नाही. त्याने एवढेच विचारले, 'दोन कामगार एका साखळीत उभे आहेत. दोघांना जेवण मोजून सारखे मिळते. एकाला मात्र पाळी संपल्यावर आणखी दहा तास राबविता. वर्षअखेर काय होईल? आणि तुम्ही स्वतःला युनियनवाले म्हणविता!'

बंधुभगिनींनो, सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की इंजिनावरच्या जनित्राकडून येणारा प्रवाह दोघींतून सारखाच जातो. एकीला जास्त, दुसरीला कमी असे त्याला करताच येत नाही. आता खालच्या बॅटरीवरून दोन अँपिअर दहा तास घेतले, तर ती वरच्या बहिणीपेक्षा वीस अँपिअर-तासांनी रिकामी झाली. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असेल तर हा पाचवा हिस्सा झाला. जनित्र भरू लागले की वरची लवकर भरते, खालची अर्धपोटी राहते. आणि जनित्राला दिसते ती फक्त दोघींची बेरीज. समजा त्याला अठ्ठावीस व्होल्टपर्यंत भरण्याचा हुकूम आहे. वास्तविक चौदा अधिक चौदा व्हायला हवेत. पण वरचीवर सव्वापंधरा आणि खालचीवर पावणेतेरा असले तरी बेरीज अठ्ठावीसच! जनित्र म्हणते, काम झाले. केबिनमधला काटा म्हणतो, सर्व क्षेम आहे. मालकांच्या हिशेबवहीतील सरासरी मजुरीवर आमचा जो राग आहे, तोच येथे ठेवला पाहिजे. सरासरी ठीक असते, माणूस मरत असतो.

पुढे दोघींचाही नाश होतो. वरची गरजेपेक्षा जास्त भरली जाते. तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघतात, पाणी आटते, पट्ट्या उघड्या पडतात. बंद इंजिनघरात हायड्रोजन साठणे म्हणजे ठिणगीची वाट पाहणे. खालची सदा अर्धवट भरलेली राहते, म्हणून तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे जमतात आणि त्या पुन्हा धड भरत नाहीत. एक अति खाऊन मरते, दुसरी उपाशी मरते. आणि एकत्र जोडलेल्या असल्यामुळे एक मेली की दुसरीचाही उपयोग संपतो. फुकटचे बारा व्होल्ट असे महाग पडतात.

आता कोणी म्हणेल, मधून घेऊ नये हे कळले. दोन्ही बॅटऱ्यांवरून चोवीस घेऊन वाटेत एखादा रोधक घालावा, म्हणजे दाब उतरेल. हाही उपाय आम्ही होताना पाहिला आहे. ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली जो नियम छापला, त्याचा साधा हिशेब केला तरी यातला फोलपणा दिसतो. रेडिओ नुसता ऐकत असतो तेव्हा त्याला अर्ध्या अँपिअरच्या आसपास लागतो. पंचवीस वॅटवर बोलू लागला की पाचसहा अँपिअर. सहा अँपिअरला बारा व्होल्ट उतरावेत म्हणून दोन ओहमचा रोधक घातला, तर अर्ध्या अँपिअरला तो एकच व्होल्ट उतरवील. म्हणजे रेडिओ गप्प असताना त्याच्या अंगावर तेवीस व्होल्ट येतील आणि तो जळेल. उलट अर्ध्या अँपिअरसाठी चोवीस ओहमचा घातला, तर कळ दाबताच दाब कोसळेल आणि रेडिओ मुका होईल. ज्याची भूक क्षणोक्षणी बदलते त्याला ठरावीक मापाने वाढता येत नाही.

मग दाब नेमका राखणारे, पण जास्तीचा दाब उष्णतेत घालविणारे एक यंत्र निघाले. ते काम करते. पण बॅटऱ्या भरल्या जात असताना अठ्ठावीसचे पावणेचौदा करून सहा अँपिअर द्यायचे, म्हणजे सुमारे पंचाऐंशी वॅट नुसती हवा तापविण्यात जातात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग देण्याची जी इस्तरी असते, तशा तीन इस्तऱ्या रात्रंदिवस केबिनमध्ये पेटत्या ठेवण्यासारखे ते झाले.

आपल्या घरातल्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने सहज कमीजास्त होतो. फॅराडे, जो मूळचा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार आणि आमच्यासारख्या शाळा सुटलेल्यांचा खरा गुरू, त्याने १८३१ साली त्यामागचे तत्त्व शोधले. पण त्यासाठी प्रवाह सतत बदलता लागतो. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने सरळ वाहणारा, ज्याला वायरमन डी.सी. म्हणतात तो. त्याच्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून पूर्वी मोटरने दुसरे जनित्र फिरवीत. मोटारीतल्या जुन्या रेडिओत तर प्रवाह तोडण्या-जोडण्यासाठी गुणगुणणारी एक कंप पावणारी पट्टी असे. आज तेच काम अर्धवाहकाचा एक तुकडा सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वेळा करतो, आणि आवाजही होत नाही.

ते कसे? पाटाच्या तोंडाशी एक रखवालदार बसवा. तो फळी घडीभर उघडतो, घडीभर मिटतो. पुढे एक लहान हौद आहे, त्यामुळे शेताला पाणी तुटक न जाता सारखे जाते. पाणी जास्त लागले की रखवालदार फळी जास्त वेळ उघडी ठेवतो. या यंत्रात रखवालदार म्हणजे तो अर्धवाहक तुकडा, आणि हौद म्हणजे तारेचे वेटोळे व धारित्र. वेटोळे उघडझापीच्या उघडीत ऊर्जा साठविते आणि झापीत ती पुढे देते. त्यामुळे जास्तीचा दाब जाळावा लागत नाही. शंभरातले नव्वद वॅटच्या आसपास कामी येतात. रेडिओला पावणेचौदा व्होल्टवर सहा अँपिअर, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी वॅट हवे असतील, तर बॅटऱ्यांकडून ब्याण्णव घेतले जातात. पंचवीस व्होल्टवर ते चार अँपिअरहूनही कमी. आणि मुख्य गोष्ट ही, की ते दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखे घेतले जातात. कोणाची पाळी दुसऱ्यावर पडत नाही. बाजारात यालाच चोवीस-बाराचा कन्व्हर्टर म्हणतात. एका फेरीच्या डिझेलपुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

समतोलक नावाचे आणखी एक यंत्र मिळते. ते भरलेल्या बॅटरीकडून उपाशी बॅटरीकडे वीज सरकवीत राहते, आणि मग मधून बारा व्होल्ट घेतले तरी चालते. पण त्याच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह घेतला तर जुने दुखणे परत येते. गाण्याचा संच वाढविताना समतोलकाची ताकद कोण तपासतो? म्हणून आम्ही कन्व्हर्टरच सांगतो.

तो बसवितानाही चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचावी. पुष्कळ नवी यंत्रे दहापासून पस्तीस व्होल्टपर्यंत काहीही खाऊन पचवितात. त्यांना सरळ चोवीस द्यावे, मध्ये कोणी नको. मोबाईल भरण्याचे टोपण मात्र बारा-चोवीस दोहोंना चालणारे आहे ना, हे पाहूनच लावावे. नुसत्या बाराचे असेल तर ते स्वतः जळते आणि कधी मोबाईललाही बरोबर नेते.

दुसरी, कन्व्हर्टरची ताकद रेडिओ ऐकत असतानाची नव्हे, तर बोलत असतानाची धरावी, आणि वर थोडी राखून ठेवावी. सहा लागत असतील तर दहाचा घ्यावा. आतला तुकडा बिघडून आरपार जोडला गेला तर पुरे चोवीस व्होल्ट रेडिओवर येतात. म्हणून जास्त दाब आल्यास पुरवठा तोडणारी सोय असलेलाच घ्यावा.

तिसरी, फ्यूज आणि तार. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ असावा, केबिनमध्ये नव्हे. कारण तो यंत्रापेक्षा तारेचा रक्षक आहे. लाकडी नौकेत तार पेटली तर पळायला जागा नसते. आणि तार बारीक नको. जाऊन येऊन दहा मीटर लांबीची, एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सहा अँपिअरला एक व्होल्ट गिळते. अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर अर्ध्या व्होल्टहूनही कमी. कन्व्हर्टर चांगला आणि तार कंजुषीची, म्हणजे दूध चांगले आणि भांडे गळके.

चौथी गोष्ट ऐकू येण्याची. सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणारे यंत्र स्वतःही एक लहानसा प्रक्षेपकच असते. ते हलक्या प्रतीचे असेल, किंवा अँटेनाच्या तारेला चिकटून बसविले असेल, तर रेडिओत त्याची खरखर शिरते आणि दूरचा क्षीण आवाज तिच्यात बुडून जातो. तपासणी सोपी आहे. रेडिओ थोडा वेळ सुट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा आणि कन्व्हर्टर बंद-चालू करून ऐकावे. संकटाची हाक सोळा नंबरच्या वाहिनीवर येते. ती आपल्याच यंत्राच्या गोंगाटात हरवली, तर बाहेर दुसरी नौका बुडत असूनही आपण तिला ऐकणार नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे रेडिओला त्याची स्वतःची बारा व्होल्टची वेगळी बॅटरी द्यावी. ती इंजिनघरात नव्हे, वर केबिनमध्ये उंचावर ठेवावी आणि चोवीसवरून भरत राहावी. इंजिनघरात पाणी शिरले किंवा मोठ्या बॅटऱ्या दमल्या, तरी रेडिओ बोलत राहतो. ही आमची कल्पना नव्हे. टायटॅनिक जहाजावर शंभर व्होल्टची वीज होती. तिच्यावर मोटर फिरवून, मोटरने दुसरे जनित्र फिरवून बिनतारी यंत्राला वीज पुरवीत; शिवाय संकटकाळासाठी बॅटरीवर चालणारा वेगळा संच ठेवलेला होता. बुडण्यापूर्वी दोन दिवस तेथला मुख्य संच बिघडला होता. फिलिप्स आणि ब्राइड या दोन तरुण तारायंत्र्यांनी रात्र जागून तो दुरुस्त केला. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ते जहाज बुडाले, तेव्हा सातशेवर माणसे वाचली ती त्यांनी दिलेली हाक दुसऱ्या जहाजाने ऐकली म्हणून. फिलिप्स स्वतः वाचला नाही. पुढे १९१४ पासून समुद्रावरील जीवरक्षणाचे आंतरराष्ट्रीय करार होत गेले. त्यांच्या आजच्या नियमांप्रमाणे मोठ्या जहाजांना रेडिओसाठी राखीव वीज ठेवावीच लागते, आणि जहाजावर वेगळे संकटकालीन जनित्र नसेल तर ती सहा तास पुरेल एवढी असावी लागते. मोठ्या जहाजाच्या खलाशाचा जीव सहा तास मोलाचा, मग मिरकरवाड्याच्या खलाशाचा किती तास?

सरकार काही करीत नाही असे आम्ही म्हणणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, देशातल्या एक लाख मच्छीमार नौकांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण यंत्र वाटणे आणि यंत्र जिवंत ठेवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आठदहा मीटर तारेचे आहे. त्या तारेचे उद्‌घाटन कोणी करीत नाही.

मालक सारेच श्रीमंत असतात, असेही आम्ही म्हणत नाही. कित्येक नौका कर्जावर चालतात, आणि कित्येक मालक कालपर्यंत स्वतःच खलाशी होते. म्हणूनच आमची मागणी लहान ठेवली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. नौका ओढून वर घेतलेल्या असतात, रंगरंगोटी चालते. त्याच दोन महिन्यांत प्रत्येक नौकेची वीज जाणत्या माणसाने तपासावी; मधून घेतलेल्या तारा काढून टाकाव्यात; दोन्ही बॅटऱ्यांचा दाब वेगवेगळा मोजून वहीत लिहावा. आणि रेडिओ कसा चालतो, बिघडला तर प्रथम काय पाहावे, हे तांडेलालाच नव्हे, तर नेपाळहून आलेल्या मुलालाही त्याच्या भाषेत शिकवावे. कारण रात्री जागा असणारा कदाचित तोच असेल. नौका सुटण्यापूर्वी रेडिओची कळ दाबून बोलून पाहावे. नुसता दिवा लागला म्हणजे रेडिओ चालू आहे असे नव्हे, हे आमच्या आठ माणसांनी एक रात्र मोजून शिकविले आहे.

आमच्या संघटनेच्या नौकांवर आज मधून घेतलेली तार नाही. तो तांडेल आता समुद्रावर जात नाही; पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काठी टेकीत जेट्टीवर येतो, एकेका नौकेच्या इंजिनघरात डोकावतो आणि विचारतो, 'दोघी बहिणी सारख्या आहेत ना रे?' मुले मीटर लावून आकडे वाचून दाखवितात. मग तो घरी जातो.

आपल्यांपैकी कोणाचा ट्रक असेल, घरी दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल, तर आज घरी गेल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजून पाहा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.